सातशे रुपयांचं मँडोलिन

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं की माल अजून पोत्यांतून निघत असतो. पान्यांचे ढीग, पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं, एका काडीचे चष्मे. अशाच एका पथारीवर मला ते मँडोलिन दिसलं, सायकलच्या चाकाला टेकून ठेवलेलं. आठ तारांपैकी तीन उरल्या होत्या, त्याही गंजलेल्या. घोडी सुटलेली होती आणि कुणीतरी ती जपून दोऱ्याने टेलपीसला, म्हणजे तारांची टोकं अडकवतात त्या पट्टीला, बांधून ठेवली होती. विकणारा म्हणाला, ‘बँजो आहे साहेब, छोटा.’ आपल्याकडे बुलबुलतरंगाला बँजो म्हणतात, मिरवणुकीतल्या बँजो पार्ट्या त्याच्यावरच चालतात. त्यामुळे तारांचं अनोळखी वाद्य दिसलं की त्याला हेच नाव मिळतं. त्याने बाराशे सांगितले, सातशेला दिलं. पुढचे चार महिने माझ्या संध्याकाळी त्या वाद्यापाशी गेल्या. हे पुस्तक त्या संध्याकाळांतून निघालं आहे. नंतर हाताखालून गेलेल्या वीसेक मँडोलिनांनी त्यात भर घातली, पण मूळ तेच.

ते घेण्यामागे एक जुना सल होता, तो इथे सांगायलाच हवा. माझे एक मामा मुंबईत गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये मँडोलिन वाजवायचे. नोकरीची बदली झाली, वाजवणं सुटलं आणि वाद्य आमच्या घरी आलं. मी बारा वर्षांचा होतो. गावातल्या एका क्लासमध्ये मला घातलं. सुरुवातीचे सूर जमले, पण बोटं वर सरकू लागली की पेटीशी माझा सूर जुळेना. मला तो चुकलेला ऐकू यायचा. मी बोट पडद्याच्या आणखी जवळ घ्यायचो, जोरात दाबायचो, बोटांची टोकं घट्टे पडून सोलवटून निघाली, तरी सूर तिथेच. वर्षाअखेरीस क्लासमधून निरोप आला, मुलाला कान नाही. घरी कुणी रागावलं नाही. मँडोलिन माळ्यावर गेलं आणि पुढे घर बदलताना भंगारात. मी कुठेही गायला, वाजवायला बसलो नाही. गाणी ऐकायचो, तीही जरा लांबून, आपला हा प्रांत नव्हे अशा भावनेने.

सातशे रुपयांच्या मँडोलिनवर नव्या तारा चढवल्या त्या रात्री मला कळलं की त्या वेळी नेमकं काय झालं होतं. मँडोलिनची घोडी तबलीला चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाखाली ती नुसती उभी असते. कुणी सगळ्या तारा एकदम काढल्या की ती पडते आणि परत ठेवताना अंदाजाने ठेवली की सगळं गणित बिघडतं. नटपासून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच तिथून घोडीपर्यंत हवं, वर थोडं माप अधिक. समजा नट ते घोडी ही लांबी 350 मिलिमीटर आहे. बारावा पडदा 175 वर येतो. आता घोडी एक सेंटिमीटर मागे सरकवा. मोकळी तार तुम्ही पेटीशी मिळवून घ्याल, ती बरोबरच वाजेल. पण बाराव्या पडद्यावर तार अर्धी राहणार नाही, 360 पैकी 185 राहील, आणि तो सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उतरेल. खालच्या पडद्यांवर चूक लहान असते, वर जाल तशी वाढत जाते. माझं अगदी असंच व्हायचं. मामांच्या मँडोलिनच्या तारा क्लास सुरू होण्याआधी बदलल्या होत्या, तेवढं मला पक्कं आठवतं. घोडी कुणी कुठे ठेवली हे आता कोण सांगणार. पण मला जो सूर उतरलेला ऐकू येत होता तो उतरलेलाच होता. मुलाला कान होता.

म्हणून या पुस्तकात एकच गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगतो आहे. स्वस्तातलं, वापरलेलं मँडोलिन बहुतेक वेळा वाईट नसतं, ते लावलेलं नसतं. कारखान्यातून निघताना त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं, दुकानात पाहिलेलं नसतं, घरीही नाही. दोन-तीन मिलिमीटरांचे दोष साठत जातात आणि त्यांची शिक्षा शिकणाऱ्या मुलाला मिळते. महागडं वाद्य घेणाऱ्याला ही सेवा किमतीत मिळून जाते. ज्याच्या खिशात सातशे रुपये आहेत त्याला ती मिळत नाही, आणि खरी गरज त्यालाच असते.

वाद्याबद्दल थोडं. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई. म्हणजे हुबेहूब व्हायोलिनची बैठक, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर. व्हायोलिनवर बसलेला डावा हात मँडोलिनवर आपली जागा लगेच ओळखतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या सिनेमात आलेल्या कितीतरी वादकांना हे वाद्य परकं वाटलं नाही, त्याचं एक कारण हेच. आज आपण ज्याला मँडोलिन म्हणतो ते अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्समध्ये घडलं. तिथल्या विनाच्चा घराण्याचं नाव त्यात मोठं. ते नासपतीसारख्या फुगीर पाठीचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझू गावी ऑरव्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी कोरीव तबली करून 1898 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे जुन्या बाजारात सापडणारी बहुतेक मँडोलिनं या दोन्हींहून साधी असतात, सपाट पाठीची, प्लायची, बरीचशी कोलकात्याच्या गिटार कारखान्यांत बनलेली.

अशा साध्या वाद्यांचा आपल्या कानांवर फार मोठा हक्क आहे. लक्ष्मीकांत–प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक होते. लहानपणी कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात ते वाजवत होते आणि तिथेच लताबाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर राग वाजवले, जिथे मींड काढायला जागाच नाही असं सगळे धरून चालले होते. किशोर देसाई यांचं मँडोलिन आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, नाव माहीत नसताना. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोडतारा सोडून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन हाती घेतलं, कारण जोडीतल्या दोन ताठ तारा एकदम ओढून गमक घेणं बोटाला फार जड जातं. 2014 मध्ये, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, त्या दिवशी मी माझ्या दुकानात समोर गिऱ्हाईक असताना रेडिओचा आवाज वाढवून उभा राहिलो होतो.

सिनेमाला हे वाद्य का आवडलं हे त्याच्या घडणीतच आहे. तार आखूड, ताण मोठा, आवाज टोकदार. वीस व्हायोलिनांच्या वरून ऐकू येतो. पण छेडलेला सूर लगेच विझतो. तो धरून ठेवायचा तर मिजराब खाली-वर वेगाने फिरवत राहावं लागतं, वादक ज्याला ट्रेमोलो म्हणतात. जोडीतल्या दोन तारांमध्ये केसभर फरक असेल तर त्या ट्रेमोलोत तो थरथरत्या काचेसारखा कानाला लागतो. म्हणून मँडोलिन नीट लावणं हे शिकण्यातलं पहिलं कौशल्य आहे, शेवटचं नव्हे.

आता विकत घेण्याबद्दल. बाजारात जाताना मी 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च एवढंच नेतो. रंग, ओरखडे, तुटलेले मोती यांच्याकडे मी बघत नाही. तुम्हीही बघू नका. त्यावरून घासाघीस मात्र जरूर करा. पहिली नजर दांडी आणि पोटाच्या सांध्यावर. तिथे पोस्टकार्डाचा कोपरा शिरत असेल तर ते वाद्य पहिलं म्हणून घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. तो सांधा उघडून पुन्हा बसवणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. मग पट्टी पडद्यांवर उभी ठेवून दांडी किती वाकली आहे ते पाहा. मधोमध कागद जाईल एवढी फट असेल तर उत्तम. नाणं शिरत असेल तर सोडून द्या. स्वस्त वाद्यांच्या दांडीत बहुधा सळई नसते, त्यामुळे ती सरळ करायला पेचच मिळत नाही. नंतर तबली डोळ्यांच्या पातळीला आणून आडव्या उजेडात बघा. घोडीच्या जागी ती किंचित बसलेली असणं चालेल, पण भोकाचा गोल चपटा झालेला दिसला तर आतली आडवी पट्टी सुटली आहे असं समजा. बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. सुटलेल्या पट्टीपाशी आवाज मेलेला येतो किंवा खुळखुळतो. आरसा आत घालून खात्री करून घ्या. सुटलेली पट्टी चिकटवणं अवघड नाही. पण ती माहीत असताना घ्यायला हवी, घरी आल्यावर कळायला नको.

भोकाच्या कडेवरून आणखी एक गोष्ट कळते. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत गेल्या असतील तर तबली अखंड लाकडाची. कडेला थर दिसले तर प्लाय. प्लाय असली म्हणून तोंड वाकडं करू नका. कोकणातल्या पावसाळ्यात अखंड तबल्या फुगतात, तडकतात आणि प्लायवाल्या निमूटपणे उभ्या राहतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

खुंट्यांची चक्रं फिरवून पाहा. जड फिरत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. चक्राचे दात खाल्ले गेले असतील तर नवा संच लागेल आणि मग दोन खांबांमधलं अंतर जुळतं का ते आधी मोजून ठेवावं लागेल. मी हे न मोजता दोनदा चुकीचा संच आणला.

घरी आल्यावर मोह होतो तो पॉलिशचा. तो टाळा. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून वाळू द्या, पडद्यांवरचा हिरवट थर काढा, आणि थेट तारांकडे वळा. तारा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल आहे. हलक्या संचाच्या जाड्या हजारांश इंचांत 10, 14, 24 आणि 34. आठ तारा मिळून दांडीवर साधारण 70 किलोंची ओढ येते, म्हणजे एक धडधाकट माणूस दांडीला लटकल्यासारखं. जुन्या, साध्या वाद्यावर याहून जाड तारा चढवणं म्हणजे दांडी वाकायला निमंत्रण. छोट्या गावात मँडोलिनचा संच मिळत नाही, पण गिटारच्या सुट्या तारा मिळतात. त्यांच्या टोकाचा पितळी मणी कटरने जपून फोडला की मागे फास उरतो आणि तो टेलपीसच्या आकड्यात बसतो. हे करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. आणि तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर आधी घोडीच्या पायांभोवती कागदी चिकटपट्टीने खूण करून ठेवा. या एका सूचनेसाठी कुणी हे पुस्तक विकत घेतलं तरी मला ते पुरेसं वाटेल.

घोडीची जागा मोजपट्टीने ठरवायची, मग कानाने पक्की करायची. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं की घंटेसारखा सूर निघतो. तोच पडदा दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे, उतरलेला असेल तर दांडीकडे, आणि तेही मिलिमीटरभरच, तार आधी सैल करून. जाड तारांच्या बाजूला घोडी थोडी मागे लागते, म्हणून ती किंचित तिरकी उभी राहते. ती तशीच असते. सरळ करायला जाऊ नका.

नटची उंची हा दुसरा गुपचूप दोष. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली किती जागा उरते ते बघा. पातळ कागदाची पट्टी जेमतेम सरकली पाहिजे. स्वस्त वाद्यांवर तिथे अख्खं पोस्टकार्ड जातं. मग पहिल्याच पडद्यावर बोट दुखतं आणि तार जास्त वाकल्यामुळे सूरही चढतो. म्हणजे शिकणाऱ्याला ज्या जागा सगळ्यात आधी लागतात, त्याच सगळ्यात अवघड. नटच्या खाचा खोल करायला खास कानशी मिळतात, त्या महाग असतात. गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला बारीक खरबरीत सुयांचा एक संच वापरतात, हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो, आणि मँडोलिनच्या खाचांना तो चांगला लागू पडतो. चार घासे मारा, तार चढवा, बघा, पुन्हा चार घासे. खाच एकदा खोल गेली की परत भरणं फार कटकटीचं. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटरांवर आली की हात दुखायचा थांबतो.

घोडीचे पाय तबलीला अंगभर टेकले पाहिजेत, हे मला मिरजेत कळलं. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावण्याचं काम मागे पडल्यावर तंतुवाद्यांत हात घातला, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी माझं मँडोलिन घेऊन एका वयस्क कारागिरांकडे गेलो. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, घोडीखाली उजेड दिसतो का ते बघितलं आणि तबलीवर पॉलिश पेपर खरबरीत बाजू वर करून ठेवला. घोडी त्यावर पुढे-मागे घासत राहिले. दहा मिनिटांत तिच्या पायांनी तबलीचा उतार घेतला. मी त्यांना सतारीच्या घोडीला करतात त्या जवारीबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘सतारीची तार घोडीवर झोपली पाहिजे, तेव्हा ती बोलते. तुमच्या ह्याला तसलं काही नको. ह्याची तार एका काठावरून सुटू दे.’ घोडीच्या माथ्यावरच्या रुंद, गुळगुळीत झालेल्या खाचा त्यांनी मला दाखवल्या. तार तिथे लोळत होती, म्हणून आवाज झणझणत होता. सगळ्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहाचे मात्र मला देऊ दिले.

सरस आणि फेव्हिकॉल या वादावर पुस्तकात मी बरंच लिहिलं आहे, कारण लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. जुना सरस ऊब आणि ओल यांनी सुटतो आणि नवा सरस त्याच्यावर पुन्हा धरतो. पांढरा गोंद एकदा लाकडात मुरला की त्यावर पुढचं काहीच नीट धरत नाही, आणि सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. सुटलेली पट्टी किंवा पाठीची कड यांना तो चालून जातो. दांडीच्या सांध्यात, घोडीखाली, कधीही नाही. आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने सांधलेलं वाद्य माझ्याकडे आलं की मी आधी ते आणणाऱ्याला खुर्ची देतो, मग बोलतो.

दुर्मीळ आणि मौल्यवान वाद्यांबद्दल या पुस्तकात काही नाही. आजोबांकडून आलेलं नेपल्सच्या घडणीचं, फुगीर पाठीचं मँडोलिन तुमच्याकडे असेल तर कृपा करून यातलं काही त्याच्यावर करून पाहू नका. फुगीर पाठीची जुनी वाद्यं आजच्या स्टीलच्या तारांचा ताण सोसायला बनलेली नसतात, आणि एका रात्रीत तबली आत गेलेली मी पाहिली आहे. हे पुस्तक पथारीवरच्या, माळ्यावरच्या, क्लास सुटला म्हणून कोपऱ्यात पडलेल्या वाद्यांसाठी आहे. पडद्यांची घासाई, पाठीच्या चिरा आणि खुंट्यांची बदली यांना स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत. आकृत्या मी स्वतः काढल्या आहेत आणि सगळी मापं मिलिमीटरांत आहेत. तारांची जाडी तेवढी इंचांत, कारण दुकानदार तीच भाषा बोलतो.

सातशे रुपयांचं ते मँडोलिन आता माझ्याकडे नाही. गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती, ती घेऊन गेली. द्यायच्या आधी मी ट्यूनर लावून आठही तारा मिळवल्या होत्या. तिने गादीवर बसून एकेक जोडी छेडली आणि दुसऱ्या जोडीशी थांबली.

‘मामा, ह्यातली एक तार उतरलीय.’

मी ट्यूनर परत लावून पाहिला. नवी तार होती, तासाभरात ताणली गेली होती. उतरलेली होती.